खर्ड्याचा शीण

खर्ड्याची लढाई हा आपल्या इतिहासाच्या क्रमिक पुस्तकांतील एक आनंदाचा धडा आहे. पानिपत शिकविताना शिक्षकाचा आवाज नकळत खाली येतो. खर्डा शिकविताना तो तितकाच नकळत वर चढतो. ११ मार्च १७९५ रोजी निजाम अलीचा मोड झाला, शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन असे सारे सरदार पेशव्यांच्या जरीपटक्याखाली एकत्र आले, आणि तसे ते पुन्हा कधी आले नाहीत, इतके सांगितले की तास संपतो. प्रस्तुत लेखकानेही जवळजवळ तीस वर्षे हा धडा असाच शिकविला. त्यात काही खोटे सांगितले असे आजही वाटत नाही. मात्र मध्यंतरी एका दुखण्याने मला अंथरुणास खिळविले. त्या अवस्थेत तीच जुनी पत्रे मी पुन्हा वाचू लागलो, आणि खर्ड्याच्या रणांगणावर आजवर न दिसलेली एक गोष्ट दिसू लागली. ती म्हणजे तेथे जमलेल्या, आणि जमू न शकलेल्या, माणसांचा शीण.

दुखणे काही अपूर्व नव्हते. २०२१ च्या एप्रिल महिन्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, ज्या असंख्य लोकांना ज्वर आला त्यांतला मी एक. ज्वर दहाबारा दिवसांत उतरला, प्राणवायूची गरज लागली नाही, घरच्यांच्या जिवात जीव आला. खरे दुखणे त्यानंतर सुरू झाले. सकाळी स्नान केले की तासभर पडून राहावे, दोन पाने लिहिली की डोळ्यांपुढे अक्षरे पोहू लागावीत, आणि दहा मिनिटे मोठ्याने बोललो तर संध्याकाळपर्यंत हातपाय आपले नसल्यासारखे वाटावे, असा क्रम जवळजवळ वर्षभर चालला. झोपेने तो शीण जात नसे. रक्ताच्या, फुप्फुसांच्या, हृदयाच्या तपासण्या झाल्या आणि सगळे कागद उत्तम निघाले. त्यामुळे माझी पंचाईत अधिकच झाली. कारण ज्याचे कागद उत्तम आहेत त्याने आजारी असावे हे कोणासच पटत नाही, आणि दोनचार महिने गेले म्हणजे त्याचे त्यालाही पटेनासे होते. "मन घट्ट करा, फिरायला लागा, आपोआप हुशारी वाटेल," असे एका हितचिंतकाने सांगितले. त्या भरवशावर मी एके दिवशी हट्टाने टेकडीपर्यंत चालून आलो आणि पुढचे नऊ दिवस अंथरुणावर काढले. त्या नऊ दिवसांत उशाशी वासुदेवशास्त्री खऱ्यांच्या 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'चे खंड होते.

मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकविणाऱ्या या शास्त्र्यांनी पटवर्धनांची दप्तरे उलगडून छापली, म्हणून आज आपल्याला उत्तर पेशवाई इतकी जवळून दिसते. ती पत्रे मी पूर्वी वाचली होती ती तारखांसाठी व फौजांच्या आकड्यांसाठी. आता आडव्या स्थितीत वाचताना लक्ष जाऊ लागले ते पूर्वी ओलांडलेल्या ओळींकडे. श्रीमंतांची प्रकृती कशी आहे, भाऊंना ज्वरांश आहे की उतरला, अन्न जाते की नाही, घोड्यावर बसवते की पालखी लागते, हे वर्तमान त्या काळचे वकील आणि कारकून राजकारणाइतक्याच काळजीने लिहीत. त्यांची भाषाही पाहण्यासारखी आहे. प्रकृती बिघडली हे ते पुष्कळदा 'शरीरास समाधान नाही' अशा शब्दांनी सांगतात. समाधान हा शब्द आपण आता केवळ मनाकडे देऊन टाकला आहे. पेशवाईत तो शरीराचाही होता, आणि रोगाचे नाव न घेता रोग्याची दशा सांगण्याची सोय त्यात होती. माझे कागद उत्तम होते, शरीरास समाधान नव्हते. ही गोष्ट ज्या भाषेत नीट सांगता येईल ती मला दोनशे वर्षांपूर्वीच्या मोडी पत्रांत सापडावी, याचे त्या वेळी मोठे नवल वाटले.

आमच्या वैद्यकाला हा भेद त्याही आधीपासून ठाऊक होता. शरीर राबल्यानंतर येतो तो श्रम. आणि न राबताच जो शीण येतो, श्वास न लागता, काही न करता, आणि ज्यामुळे इंद्रियांना आपापले विषय घेणेही जड जाते, त्याला सुश्रुताने 'क्लम' असे वेगळे नाव दिले आहे. श्रमावर उपाय विश्रांती व द्राक्षे, खजूर, डाळिंब, ऊस यांसारखी चरकाने सांगितलेली श्रमहर द्रव्ये. क्लम मात्र रोगाबरोबर येतो आणि बहुधा रोगाच्या मागेही राहतो. मराठीत थकवा, शीण, भागवटा, ग्लानी, गळाठा असे कितीतरी शब्द आहेत. पण कष्टाने आलेला आणि दुखण्याने आलेला असा निवाडा त्यांपैकी एकही शब्द स्वच्छपणे करीत नाही. त्यामुळे आजाऱ्याला आपण आळशी समजतो, किंवा कष्टाळू माणसाप्रमाणे एक रात्र झोपून ताजेतवाने होण्याची त्याच्याकडून अपेक्षा करतो.

या दुसऱ्या प्रकारच्या शिणाशी सामना केलेला आपल्या इतिहासातील सर्वांत मोठा पुरुष म्हणजे थोरले माधवराव पेशवे. त्यांच्याविषयी इतके लिहिले गेले आहे की नवे काय सांगावे असा प्रश्न पडतो. परंतु त्यांच्या अकरा वर्षांच्या कारकिर्दीचे दोन भाग करून पाहावे असे मी सुचवितो. पहिला भाग घोड्यावरचा. १७६१ मध्ये सोळाव्या वर्षी वस्त्रे मिळाली तेव्हापासून हा तरुण जवळजवळ दर वर्षी स्वारीवर आहे. १७६३ च्या ऑगस्टात राक्षसभुवन, मग हैदरावरील कर्नाटकाच्या मोहिमा, १७६८ मध्ये धोडपला चुलत्याचा पाडाव, पुढच्या वर्षी नागपूरकरांशी तह, आणि लगेच पुन्हा कर्नाटक. १७७० च्या उन्हाळ्यात निजगलचा किल्ला मोठ्या रक्तपातानंतर हाती आला, आणि तेथून पुढे राजयक्ष्म्याने उघड उघड ताबा घेतला. चरकाने या रोगाची चार कारणे सांगितली आहेत, त्यांत पहिले 'साहस', म्हणजे आपल्या बळाबाहेरचे कर्म. माधवरावांच्या पहिल्या नऊ वर्षांचे वर्णन एका शब्दात करावयाचे तर हाच शब्द वापरावा लागेल. क्षयाचे जंतू असतात हे १८८२ मध्ये कॉखने दाखविले, आणि साहसाने जंतू उत्पन्न होत नाहीत हे आपण जाणतो. तरी थकलेल्या शरीरात ते लवकर हातपाय पसरतात, इतपत चरकाचे म्हणणे आजही खोडता येत नाही.

दुसरा भाग अंथरुणाजवळचा. तो अवघा दोन-अडीच वर्षांचा आहे, आणि शाळेत आम्ही तो कारुण्याने गाठ पडल्यासारखा घाईघाईने संपवितो: कर्नाटकातून परतणे, थेऊर, चिंतामणीचे देऊळ, रमाबाईंचे सहगमन. परंतु त्या दोन-अडीच वर्षांत राज्यात काय घडले ते पाहा. पुढच्या हंगामात कर्नाटकची फौज आपणास चालवता येत नाही हे ओळखून पेशव्यांनी ती त्र्यंबकराव पेठ्यांच्या स्वाधीन केली, आणि १७७१ च्या मार्चात मोती तलावावर त्र्यंबकरावांनी हैदराचा असा मोड केला की तसा स्वतः पेशव्यांच्या हातूनही झाला नव्हता. उत्तरेत १७६९ मध्ये पाठविलेल्या फौजेने, महादजी शिंदे, तुकोजी होळकर, विसाजी कृष्ण आणि रामचंद्र गणेश यांनी, १७७२ च्या जानेवारीत बादशहास दिल्लीच्या तख्तावर आणून बसविले, आणि थोड्याच आठवड्यांत गंगेकाठी शुक्रतालावर रोहिल्यांचा पराभव करून पानिपताचे पुष्कळसे उट्टे काढले. माधवरावांच्या नावावर इतिहासाने जे सर्वांत मोठे यश लिहिले आहे ते ते घोड्यावरून उतरल्यानंतरचे आहे.

हा योगायोग आहे असे कोणी म्हणेल. माझा समज निराळा आहे. या तरुणाने घोड्यावर असतानाच माणसे पारखून ठेविली होती हे तर खरेच. पण पारखलेल्या माणसाच्या हाती मुखत्यारी देऊन आपण मागे राहावे, हे तेवीस-चोवीस वर्षांच्या निरोगी माधवरावांनी केले नसते. ते त्यांना दुखण्याने करावयास लाविले. त्यांनी दुखणे नाकारले नाही, आणि दुखण्याच्या स्वाधीनही झाले नाहीत. उरलेल्या शक्तीचा त्यांनी फडणिशी पद्धतीने जमाखर्च मांडला. कोणते काम आपल्यावाचून होणार नाही, कोणते दुसऱ्याने केले तरी चालेल, आणि कोणते सोडून दिले पाहिजे, हे तीन रकाने त्या जमाखर्चाला होते. १७७२ च्या सप्टेंबरअखेरची नऊ कलमांची याद हा त्या हिशेबाचा शेवटचा कागद होय. मरणास दीड महिना उरला असता, उठून बसण्याचीही शक्ती नसता, तीत प्रथम काळजी आहे ती सरकारचे कर्ज फिटण्याची. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरास त्यांचा अंत झाला. वय सत्तावीस वर्षांचे.

येथे वाचकांपैकी कोणी विचारील की, त्यांनी आधीच विश्रांती घेतली असती तर ते वाचले असते काय? या प्रश्नाचे उत्तर मला स्वतःसाठीच हवे होते, म्हणून थोडा शोध केला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात क्षयावर औषध असे नव्हतेच. मिरजेजवळ वानलेसवाडीस, पाचगणीस, आणि युरोपात स्वित्झर्लंडातील डोंगरांवर जी आरोग्यधामे निघाली त्यांत महिनोन् महिने सक्तीने पडून राहणे हेच औषध मानले जाई. पुढे १९४४ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध प्रसिद्ध झाला, आणखी औषधे आली, आणि मद्रासच्या क्षय-संशोधन केंद्राने एक धाडसी प्रयोग केला. काही रोग्यांना आरोग्यधामात ठेवून आणि काहींना त्यांच्या गरीब, दाटीच्या घरीच ठेवून एकच औषधे वर्षभर दिली. १९५९ मध्ये त्याचे फलित प्रसिद्ध झाले: औषधे नीट घेतली तर घरचा रोगी आरोग्यधामातल्या रोग्याइतकाच बरा होतो. म्हणजे शंभर वर्षे जिला औषध समजत होते ती विश्रांती रोगाचे औषध नव्हती. पेशव्यांना १७७० मध्ये, किंवा त्याआधी दोन वर्षे, कोणी थेऊरास निजवून ठेवले असते तरी बहुधा ते वाचले नसते. तेव्हा त्यांच्यापुढील प्रश्न आयुष्य वाढविण्याचा नव्हता; उरलेल्या दिवसांत उरलेली शक्ती कोठे घालावी, हा होता. हे ध्यानात आल्यावर माझे त्यांच्याविषयीचे कारुण्य पुष्कळ कमी झाले आणि आदर वाढला.

ज्वर उतरल्यानंतरच्या शिणाची गोष्ट मात्र वेगळी आहे. चरकाने ज्वरमुक्त माणसास स्पष्ट बजाविले आहे की, बळ परत येईपर्यंत व्यायाम, स्त्रीसंग, स्नान व फार हिंडणे करू नये; नाहीतर गेलेला ज्वर परत येतो. माझी टेकडीची फेरी या निषेधात जशीच्या तशी बसते. यावर आधुनिक मत काय, तर इंग्लंडात वैद्यांना मार्ग दाखविण्यासाठी नेमलेल्या 'नाइस' नावाच्या संस्थेने २०२१ च्या ऑक्टोबरात, दीर्घकालीन शीण हेच ज्याचे मुख्य लक्षण आहे अशा रोगाविषयीचा आपला जुना उपदेश बदलला. ठरावीक क्रमाने व्यायाम वाढवीत नेण्याचा उपचार आता देऊ नये, रोग्याने आपल्या शक्तीच्या मर्यादेत राहून काम व विसावा यांची वाटणी करावी, असे तिने सांगितले. सर्व शीण एका जातीचे नसतात हेही सांगितले पाहिजे. कर्करोगाच्या रोग्यांना माफक, नियमित चालण्याने शीण कमी वाटतो असे पुष्कळ ठिकाणी दिसून आले आहे. हितचिंतकांना इतका विवेक करण्याची सवड नसते. ते सर्वांना एकच टेकडी दाखवितात.

शक्तीचा असा जमाखर्च राजालाच साधतो, सामान्यांना नाही, अशी शंका मला आली होती. पण फ्लॉरेन्स नाइटिंगेल ही काही राणी नव्हती. क्रिमियाच्या युद्धातून ती १८५६ मध्ये परतली ती तेथला ज्वर अंगात घेऊन, आणि पुढच्या वर्षी अंथरुणास खिळली. नंतरची कित्येक वर्षे ती खोलीबाहेर क्वचितच पडली. भेटीस येणाऱ्याने आधी वेळ ठरवून घ्यावी, एका वेळी एकानेच यावे, मंत्री असला तरी खाली थांबावे, असा तिचा कडक नियम होता. पुष्कळांना तो उद्धटपणा वाटे. हिंदुस्थानातील फौजेच्या आरोग्याविषयी १८६३ मध्ये जो मोठा अहवाल प्रसिद्ध झाला त्यामागील पुष्कळसे काम तिने या देशात पाऊल न ठेवता त्या अंथरुणावरून केले. आमच्याकडे याच्या उलट उदाहरण आहे ते आगरकरांचे. दम्याने छाती भरलेली असता हा पुरुष 'सुधारका'चे लेखन करीत राहिला, १८९२ पासून फर्ग्युसन कॉलेजाचे प्राचार्यपण सांभाळीत राहिला, आणि १७ जून १८९५ रोजी, अडतिसाव्या वर्षानंतरचा एकही वाढदिवस न पाहता, गेला. प्राध्यापकवर्गात आगरकरांचा हा हट्ट आदर्श म्हणून सांगितला जातो; मीही सांगत आलो. आता सांगताना जीभ किंचित अडखळते. त्यांच्याजवळ त्र्यंबकराव पेठे कोणी नव्हता, आणि तो निर्माण करण्याइतका पैसा त्या संस्थेजवळ नव्हता, हेही त्याबरोबर सांगावेसे वाटते.

असो. माधवरावांनी पारखलेली माणसे पुढे पंचवीस वर्षे राज्य ओढीत राहिली, आणि ती सारी ओढ जेथे येऊन थांबली ते ठिकाण खर्डा. हरिपंत फडके हे माधवरावांच्याच तालमीतले. बारभाईंच्या कारस्थानापासून टिपूवरील स्वारीपर्यंत सरकारी फौजेचा भार त्यांनी वाहिला. १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणाहून आले ते लगेच पुण्यात नाना आणि महादजी यांच्यातील तेढ मिटविण्याच्या खटपटीत गुंतले. १७९४ च्या जूनमध्ये भीमाकाठी सिद्धटेकास त्यांचा देह पडला. सिद्धटेक आणि खर्डा ही आज एकाच जिल्ह्यातली गावे आहेत. निजामाशी होणाऱ्या युद्धात ज्यांनी सरदारी करावयाची ते हरिपंत त्या रणांगणापासून दोनतीन मजलांवर, नऊ महिने आधीच, संपले होते. त्यांच्याही आधी, १२ फेब्रुवारी १७९४ रोजी, वानवडीच्या छावणीत महादजी ज्वराने गेले. पानिपतात पाय अधू झालेला हा माणूस त्यानंतर तेहतीस वर्षे, त्यांतली पुष्कळशी उत्तरेत, छावणीतच राहत आला होता.

म्हणून खर्ड्यास जमलेली मंडळी कशी होती ते पाहावे. शिंद्यांच्या गादीवर पंधरा-सोळा वर्षांचे दौलतराव. होळकरांकडून सत्तरी ओलांडलेले तुकोजी. हरिपंतांच्या जागी त्यांचे चिरंजीव बाबा. आणि साऱ्या फौजेचे सेनापतित्व पंचावन्नच्या घरातील परशुरामभाऊ पटवर्धनांकडे. समोर निजाम अली एकसष्ट वर्षांचा. मधे स्वतः पेशवे सवाई माधवराव, एकविसावे वर्ष अजून पुरे व्हावयाचे. आणि त्यांच्याजवळ नाना फडणीस, वय त्रेपन्न. नानांचे वय आणि माझे वय एक असल्याने मी त्यांच्याकडे जरा निरखून पाहू लागलो. वीस वर्षे या माणसाने एकही काम दुसऱ्याच्या हाती पूर्णपणे दिले नव्हते. माधवरावांच्या हिशेबातला दुसरा रकाना नानांच्या वहीत जवळजवळ कोराच आहे. त्यांनी तसे केले नसते तर राज्य त्यापूर्वीच बुडाले असते, असे त्यांचे अभिमानी म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. परंतु धन्यालाही त्यांनी कारभार शिकविला तो दाखविण्यापुरता.

लढाई थोडक्यात सांगण्यासारखी आहे. मोहरीचा घाट उतरून निजामाची फौज परांड्याच्या रोखे चालली असता मराठ्यांनी तिला गाठले. परशुरामभाऊ थोड्या लोकांनिशी पुढची जागा पाहावयास गेले असता पठाणांच्या तुकडीने त्यांच्यावर झडप घातली; भाऊंच्या कपाळावर वार बसला आणि त्यांचे पुतणे विठ्ठलराव ठार झाले. तरी तोफांपुढे व शिंद्यांच्या कवायती पलटणींपुढे निजामाचा घोडदळाचा भाग टिकला नाही, आणि रात्री अंधारात कोणत्यातरी गोळीबाराने त्याच्या छावणीत गोंधळ उडून सारी फौज आपोआप पांगली. निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला. निंबाळकरांनी बांधलेला हा चौकोनी, भुईवरचा किल्ला काही लाखांच्या छावणीसाठी बांधलेला नव्हता; पाण्याचे हाल इतके झाले की दोन दिवसांत तहाची बोलणी लागली. तीन कोटी रुपये, दौलताबादेसह तीसपस्तीस लाखांचा मुलूख, आणि दिवाण मशीरुल्मुल्काला ओलीस देणे, अशी कबुली झाली. दोन वर्षांच्या आत, १७९६ च्या महाडच्या करारात, यातले बहुतेक नानांनी स्वतःच सोडून दिले.

ग्रँट डफने एक गोष्ट दिली आहे. मशीरुल्मुल्काला आणण्याच्या समारंभात पेशव्यांचे तोंड उतरलेले पाहून नानांनी कारण विचारले, तेव्हा तो तरुण म्हणाला की, इतक्या सहज हार खाणारे ते आणि इतक्या सहज मिळालेल्या विजयावर फुशारणारे आपले लोक, दोघांचीही ही अवनती पाहून वाईट वाटते. इतिहासकारांनी या उत्तरात शहाणपण पाहिले. मला आता त्यात एका दमलेल्या मुलाचा आवाज ऐकू येतो. जन्मल्याच्या चाळिसाव्या दिवशी ज्याला पेशवाईची वस्त्रे मिळाली, ज्याचा प्रत्येक दिवस कोणीतरी आखून दिलेला होता, त्याला आपली शक्ती किती व ती कोठे खर्च करावयाची हे ठरविण्याचा अधिकारच कधी मिळाला नाही. त्या वर्षी २२ ऑक्टोबरला दसरा आला. सीमोल्लंघन व दरबार यथासांग झाला. तीन दिवसांनी, ज्वराच्या भरात म्हणा की मनाच्या उद्वेगाने म्हणा, ते शनिवारवाड्यात वरून खाली कारंज्यावर पडले आणि २७ तारखेस गेले. पडले की उडी टाकली, हा वाद अजून संपलेला नाही. ज्यांनी ज्वराच्या ग्लानीत आपल्याच घरात आपण परके झाल्याचा अनुभव घेतला आहे, त्यांना त्या वादात फार रस राहत नाही.

आणखी एक मरण त्याच वर्षीचे आहे. खर्डा ज्या जामखेड तालुक्यात आहे त्याच तालुक्यातील चौंडीच्या अहिल्याबाई १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरास गेल्या. जिल्ह्याला आता त्यांचे नाव आहे. त्यांच्या बाजूने अठ्ठावीस वर्षे फौजेचा भार तुकोजींनी वाहिला आणि राज्याचा त्यांनी. मतभेद झाले, रुसवे झाले, पण दोन रकाने वेगळे राहिले. दोन वर्षांनी, १५ ऑगस्ट १७९७ रोजी, तुकोजीही पुण्यात वारले आणि होळकरशाहीत भाऊबंदकी पेटली.

२०२२ च्या मार्चात, लढाईच्याच दिवसांत, मी खर्ड्यास गेलो. वर्ष होत आले होते. आठवड्यातून तीन तास बसून शिकविण्यापर्यंत माझी मजल गेली होती. जामखेडकडचाच माझा एक जुना विद्यार्थी गाडी घेऊन आला होता. त्याने वाटेत दोनदा, मी न सांगताच, झाडाखाली गाडी थांबविली. किल्ल्यापाशी आदल्या वर्षी उभारलेला उंच भगवा ध्वज पुष्कळ दुरून दिसतो; जवळ गेल्यावर किल्ला त्यामानाने ठेंगणा वाटतो. दरवाजाची वळणे ओलांडून आत आलो. मशीद पाहिली, विहीर पाहिली, आणि तटावर जाणाऱ्या पायऱ्यांशी येऊन थांबलो. पायऱ्या फार नव्हत्या. वर्षापूर्वीच्या मला त्या दिसल्याही नसत्या. ऊन चढले होते, आणि परत पुण्यास जावयाचे होते. दुसऱ्या दिवशी दोन तास होते.

मी सावलीत चौथऱ्यावर बसलो, टिपणवही काढली आणि त्याला म्हणालो, "तू वर जा, आणि काय काय दिसते ते मला सांग."

तो वर गेला. काही वेळ त्याच्या चपलांचा आवाज येत राहिला, मग तोही थांबला. परांड्याची बाजू कोणती हे त्याने खालच्या रखवालदाराला ओरडून विचारले आणि तिकडे तोंड करून उभा राहिला.

"सर, रणांगण म्हणून असे काही दिसत नाही," तो म्हणाला. "ज्वारी काढलेली शेते आहेत. कडब्याच्या गंजी आहेत. लांबवर टेकड्यांची रांग आहे, तोच घाट असेल. आणि रस्त्याने पाण्याचा एक टँकर गावाकडे चालला आहे."

मी ते त्याच्या शब्दांत लिहून घेतले.